कोकासाची गोष्ट आणि कृष्णराजाचा ताम्रपट

वेरुळच्या कैलास लेण्याविषयी आपल्या लोकांत तीन-चार कथा प्रचलित आहेत. त्यांतील सर्वांत जुनी, सर्वांत घरगुती आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित अशी जी एक, तिचे परीक्षण करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. दंतकथेचे परीक्षण म्हणजे ती खोटी ठरवून मोकळे होणे, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. आणि दंतकथेचा अभिमान म्हणजे ती अक्षरशः खरी मानणे, ही दुसरी समजूतही तितकीच रूढ आहे. दोहींतही विचाराचे श्रम वाचतात, एवढाच काय तो त्यांचा गुण. वस्तुतः कथा कोणत्या बाबतीत चुकते आणि कोणत्या बाबतीत चुकत नाही, हे तपासून पाहिले म्हणजे पुष्कळदा अशी काही गोष्ट हाती लागते की, जी ताम्रपटातही सापडत नाही.

कथा अशी आहे. एलापूरच्या राजाला दुर्धर व्याधी जडली. राणीने घृष्णेश्वराला साकडे घातले की, माझ्या पतीला बरे वाटले तर मी तुझे देऊळ बांधीन, आणि त्या देवळाचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. मग राणीने उपवास आरंभिला आणि देऊळ ताबडतोब बांधण्याविषयी राजाच्या पाठीस लागली. राजाने स्थपतींना बोलाविले. प्रत्येकाने मान हालविली. पाया खणावयाचा, जोते घ्यावयाचे, भिंती उचलावयाच्या, आणि मग शिखर. ह्याला महिन्यांचे महिने लागणार, आणि तोवर राणी कशी जगणार? तेव्हा कोकास नावाचा एक स्थपती पुढे आला व म्हणाला, आठ दिवसांत राणीसाहेबांस शिखर दाखवितो. त्याने डोंगराचा माथा धरला आणि वरून खाली कोरावयास प्रारंभ केला. आठवड्याच्या आत शिखर तयार झाले, राणीने उपवास सोडला, आणि राणी माणिकावती हिच्या नावावरून देवाचे नाव माणिकेश्वर असे पडले.

आज उपलब्ध असलेल्या वाङ्मयात ही कथा प्रथम आढळते ती कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ ह्या मराठी ग्रंथात. ह्या कवीचा काळ सामान्यतः इ. स. १४७० ते १५३५ असा धरतात. म्हणजे लेणे खोदून झाल्यावर सुमारे सातशे वर्षांनी ती लिहिली गेली. सातशे वर्षे हा काळ थोडा नव्हे. तेवढ्या अवधीत राष्ट्रकूट गेले, यादव आले आणि गेले, देवगिरीचे दौलताबाद झाले, बहामनी राज्य उदयास येऊन मोडकळीस आले. इतक्या उलथापालथीतून जी गोष्ट तरून येते ती काही सोडून देते आणि काही घट्ट धरून ठेवते. तिने काय सोडले आणि काय धरले, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम वाङ्मय म्हणून तिच्याकडे पाहू. ही चतुर कारागिराची गोष्ट आहे. आणि तिची सारी गोडी एका उलटापालटीत आहे. इतर स्थपती मूर्ख नाहीत. त्यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो बांधकामाचा हिशेब आहे. कोकासाचे चातुर्य एवढेच की, त्याने प्रश्नातला एक न बोललेला शब्द ओळखला: राणीला देऊळ पाहावयाचे नाही, शिखर पाहावयाचे आहे. ह्या गोष्टीत काळ मोजण्याचे माप कोणते आहे, इकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. शक नाही, संवत्सर नाही, राजाच्या कारकीर्दीचे वर्ष नाही. उपाशी बाईचे दिवस हे माप आहे. ज्या श्रोत्यांसाठी ही कथा रचली त्यांच्या घरात सोमवार, एकादशी, चातुर्मास्य हे नेहमीचेच. एवढा मोठा डोंगर त्यांच्या हाती द्यावयाचा तर असाच द्यावा लागतो. घरच्या बाईने नवस बोलावा, तिच्या हट्टापायी घरधन्याने धावपळ करावी, आणि शेवटी कोणा शहाण्या सुताराने किंवा गवंड्याने वेळ मारून न्यावी, ह्यात अपरिचित असे काय आहे? कवीने जगातील एका अचाट कृतीला आपल्या माजघरात आणून बसविले, आणि तरीही ती लहान होऊ दिली नाही. हे कौशल्य आमच्या मते सामान्य नव्हे.

आता इतिहासाकडे वळू. कैलास लेणे कोणी कोरविले ह्याविषयी सबळ लेखी पुरावा मिळतो तो बडोद्याच्या ताम्रपटात. राष्ट्रकूटांच्या गुजरातेतील शाखेचा राजा कर्क सुवर्णवर्ष ह्याचे हे दानपत्र शके ७३४ चे, म्हणजे इ. स. ८१२-१३ चे आहे. त्यात वंशावळ सांगताना कृष्णराजाने, म्हणजे पहिल्या कृष्णाने, एलापूरच्या डोंगरावर एक अद्भुत शिवालय निर्माण केल्याचे वर्णन आले आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी हे एलापूर म्हणजेच वेरुळ आणि ते देऊळ म्हणजेच कैलास, असा निर्वाळा दिला व आपल्या १८८४ च्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासात त्याची नोंद केली. कृष्णराजाचा काळ स्थूलमानाने इ. स. ७५६ ते ७७३. त्याचा पुतण्या दंतिदुर्ग ह्याने चालुक्यांची सत्ता उलथून राष्ट्रकूटांचे राज्य स्थापिले, आणि दंतिदुर्गाचा शिलालेख कैलासाच्या शेजारच्याच दशावतार लेण्यात आहे. तेव्हा ह्या घराण्याचा वेरुळाशी संबंध एका ताम्रपटावर अवलंबून आहे असेही नाही. सर्व काम एकाच राजाचे की दोन-तीन पिढ्यांचे, ह्याविषयी मात्र पंडितांत मतभेद आहे. गोएट्झ ह्यांनी १९५२ साली ते अनेक राजांत वाटून टाकले. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्ववेत्ते मधुकर केशव ढवळीकर ह्यांनी पुढे त्याचा मुख्य भाग कृष्णराजाच्याच पदरात घातला. आम्हांस ढवळीकरांचे म्हणणे अधिक पटते. मुख्य देवळाची योजना पाहिली तर ती एका डोक्यातून निघालेली दिसते, आणि वरून खाली येणाऱ्या कामात मध्येच योजना बदलण्यास फारशी सवड नसते.

ताम्रपटातील वर्णनाचा मतलब वाचकांस सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. कवी म्हणतो की, विमानांतून जाणारे देव हे मंदिर पाहून चकित होतात व हे स्वयंभू असले पाहिजे, हाताने घडविलेल्या वस्तूत अशी शोभा कोठून येणार, असे आपसांत बोलतात. इतकेच नव्हे, ज्या शिल्पकाराने ते निर्माण केले तो स्वतःच पुन्हा असे काम हातून होण्याची आशा सोडतो आणि हे मी केले तरी कसे, असा विस्मय करीत राहतो. कृष्णराजाला जाऊन तेव्हा चाळीसच वर्षे झाली होती. ज्यांनी टाकीचे घाव घातले त्यांच्यापैकी काही म्हातारे त्या वेळी हयात असण्याचा पुरा संभव आहे. आणि एवढ्यातच राजाच्या दरबारी कवीला ते काम मनुष्याचे वाटेनासे झाले! स्तुतीची ही एक ठराविक तऱ्हा आहे हे आम्ही जाणतो. तथापि ह्या स्तुतीत शिल्पकार येतो, बोलतो, आश्चर्यही करतो. फक्त त्याचे नाव येत नाही. दान देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, गोत्र, गाव ह्यांची नोंद ठेवणाऱ्या पत्रात हे नाव लिहिण्यास जागा नव्हती असे नाही.

येथे दोन्ही साधने समोरासमोर ठेवून पाहावीत. ताम्रपटाला राजा ठाऊक आहे, वंश ठाऊक आहे, शक ठाऊक आहे; काम कसे झाले हे ठाऊक नाही आणि कोणी केले हे सांगावेसे वाटत नाही. ‘कथाकल्पतरू’तील कथेला राजा ठाऊक नाही. तिने एलापूर ह्या गावाचाच एक राजा करून टाकला, वंश गाळला, कृष्णराजाचे नावही पुसून टाकले. पण काम कसे झाले हे तिला ठाऊक आहे, आणि कोणी केले हे ती नाव घेऊन सांगते.

कारण कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला, आणि त्या कातळातून शिखर, मंडपाचे छप्पर, भिंती, हत्तींचे जोते अशा क्रमाने देऊळ उतरवीत नेले. चरांच्या उभ्या कड्यांवर टाकीच्या खुणा आजही दिसतात. अशा कामाला परांची लागत नाही. कारागीर ज्या कातळावर उभा राहतो तोच त्याची परांची, आणि ती तो रोज थोडथोडी कोरून खाली नेतो. वर कोरलेल्या शिल्पावर खालच्या कामाचे दगड पडण्याची भीती नाही. उलटपक्षी वर एकदा चूक झाली तर ती भरून काढण्यास दुसरा दगड आणता येत नाही. राणीच्या उपवासाचे निमित्त काल्पनिक असेल. पण उपवासामुळे जी रीत अवलंबिली असे कथा म्हणते ती रीत खरी आहे. कथेने तंत्राचे कारण बदलले, तंत्र बदलले नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही दडवून ठेवू इच्छीत नाही. पंधराव्या शतकातल्या एखाद्या चौकस माणसाने लेणे पाहून हा तर्क नव्याने केला नसेल कशावरून? टाकीच्या खुणा त्यालाही दिसतच होत्या. तसे असेल तर ही सातशे वर्षांची आठवण नव्हे, एका प्रवाशाचे निरीक्षण होय. आक्षेप सयुक्तिक आहे, पण त्याने कथेचे मोल कमी होते असे आम्हांस वाटत नाही. फक्त ते आठवणीच्या खात्यातून निरीक्षणाच्या खात्यात जाते. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वरून खाली कोरणे ही कैलासाची एकट्याची खुबी नाहीच. सह्याद्रीतील सगळी लेणी अशीच खोदलेली आहेत. अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांतून जे पाहतील त्यांस आढळेल की, छताकडचे काम पुढे गेलेले आहे आणि जमिनीकडे कातळ तसाच ओबडधोबड उभा आहे. भाजे-कार्ल्यापासून कैलासापर्यंत आठ-नऊशे वर्षे पाथरवटांच्या पिढ्यान्‌पिढ्या छतापासून जमिनीकडे येत होत्या. कोकासाची जी युक्ती ऐकून राजसभा थक्क झाली, ती कोणाही लेणे खोदणाऱ्याच्या पोराला ठाऊक असलेली नित्याची वहिवाट होती!

मग कैलासाचे असामान्यत्व कशात? ते असे की, येथे लेणे खोदलेले नाही, देऊळ उभे केले आहे. आणि तेही पूर्वी पाहिलेल्या एका बांधीव देवळाच्या नमुन्यावर. हा नमुना म्हणजे कर्नाटकातील पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिर होय, असे कलेतिहासकार साधारणपणे मानतात. दगडावर दगड चढवून केलेल्या त्या देवळाची प्रतिमा मनात उलटी धरून, कळसापासून जोत्यापर्यंत प्रमाण न चुकता, आणि आकाराने पुष्कळ वाढवून ती डोंगरातून काढावयाची, हे काम ज्याने केले त्याची बुद्धी कोकासाच्या त्या एका वाक्यापेक्षा फार मोठी होती.

ह्या विरूपाक्ष मंदिराची हकीकत आमच्या कथेच्या दृष्टीने मोठी मनोरंजक आहे. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य ह्याने कांचीच्या पल्लवांवर मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ ते देऊळ इ. स. ७४० च्या सुमारास बांधविले, आणि ते बांधविणारी त्याची राणी लोकमहादेवी होती. देवाचे मूळचे नाव राणीच्या नावावरून लोकेश्वर असे होते. पतीसाठी राणीने बांधविलेले शिवालय, आणि राणीच्या नावाचा देव! कैलासाच्या कथेतील माणिकावती आणि माणिकेश्वर ह्यांच्याशी हे इतके जुळते की, केवळ योगायोग म्हणून ते सोडून देणे आमच्या जिवावर येते. ज्या कारागिरांनी चालुक्यांचे राज्य गेल्यावर राष्ट्रकूटांकडे चाकरी धरली, त्यांनीच देवळाच्या नमुन्याबरोबर देवळाची कथाही उत्तरेस आणली नसेल काय? हा आमचा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचकांनी घ्यावा. तो सिद्ध करण्यास कागद नाही. परंतु दंतकथा राजदरबारातून कमी आणि कामाच्या जागेवरून अधिक पसरतात, हे ज्याने एखाद्या मोठ्या बांधकामावर चार दिवस घालविले असतील त्यास सांगावयास नको. पट्टदकलला आणखी एक गोष्ट आहे, जी वेरुळला नाही. तेथील शिलालेखांत शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे. गुंड हे त्याचे नाव. अनिवारिताचारी ही त्याची पदवी. चालुक्यांनी जे केले ते राष्ट्रकूटांनी केले नाही.

आता खुद्द कोकासाचा विचार करू. ढवळीकरांच्या मते कोकास हा कैलासाचा खराखुरा मुख्य स्थपती असावा. त्यांचा आधार असा की, अकराव्या ते तेराव्या शतकांतील मध्य हिंदुस्थानच्या काही कोरीव लेखांत शिल्पी स्वतःला कोकासाच्या प्रख्यात कुळात जन्मलेले म्हणवितात. म्हणजे कोकास नावाचा थोर कारागीर होऊन गेल्याची भावना शिल्पीवर्गात नक्की होती. येथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. परंतु कोकासाचे नाव कैलासाहून जुने आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. संघदासगणीच्या ‘वसुदेवहिंडी’ ह्या महाराष्ट्री प्राकृतातील जैन कथाग्रंथात कोक्कास नावाचा कारागीर येतो. तो यवनांच्या देशी जाऊन विद्या शिकतो, लाकडाची यांत्रिक कबुतरे करून राजाचे तांदूळ पळवितो, आणि शेवटी आकाशात उडणारे यंत्र बनवितो. हा ग्रंथ कृष्णराजाच्या पूर्वी निदान दीड-दोनशे वर्षे तरी रचलेला आहे. ‘वसुदेवहिंडी’ हे गुणाढ्याच्या लुप्त ‘बृहत्कथे’चे जैन रूपांतर होय, असे आल्सडॉर्फ ह्या जर्मन पंडिताने दाखवून दिले आहे, आणि गुणाढ्याला परंपरा पैठणच्या सातवाहनांच्या सभेत बसविते. तेव्हा ज्या गोदातीराच्या आसपास ही कोकासाची कथा पुन्हा उगवली, तेथे त्याचे नाव परके नव्हते असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावरून आमचे मत असे बनले आहे की, कथेतील कोकास हे एका व्यक्तीचे नाव नसून कारागिरीचेच नाव आहे. जसे लोहार-सुतार आपणांस विश्वकर्म्याचे वंशज म्हणवितात, तसे ते शिल्पी आपणांस कोकासाचे म्हणवीत असावेत. कैलास कोरणाऱ्या प्रमुखाचे खरे नाव लोप पावले. लोकांना मात्र एवढे पक्के ठाऊक होते की, हे कोणातरी माणसाने, हाताने, डोके वापरून केले. नाव गेले तेव्हा त्यांनी रिकाम्या जागी आपल्याजवळचे सर्वांत मोठे कारागिराचे नाव ठेवले. ढवळीकरांच्या कोकासापेक्षा आमचा कोकास कमी ऐतिहासिक ठरतो, हे खरे. पण त्याने हजार वर्षे ती जागा अडवून धरली, दुसऱ्या कोणास तीत बसू दिले नाही, हे त्याचे कर्तृत्व लहान नाही.

ती जागा बळकावणारे थोडे नाहीत. १७९४ साली पुण्याच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट वेरुळास गेला आणि त्याने लेण्यांच्या वयाविषयी चौकशी केली. ब्राह्मणांनी त्यास सांगितले की, ही लेणी ७,८९४ वर्षांपूर्वी एलिचपूरच्या एलू राजाने कोरविली. त्याच्या अंगात किडे पडले होते व तो शिवालय तीर्थाच्या शोधात आला होता. अहमदनगरच्या एका विद्वान मुसलमान गृहस्थाने मात्र नऊशे वर्षांचा अंदाज दिला. आज आपणांस ठाऊक आहे की, कैलासाला तेव्हा हजार-सव्वाहजार नव्हे, हजारांच्या अलीकडे-पलीकडे वर्षे झाली होती. जुनेपणाची पैज लावली असता ब्राह्मण जिंकले. खरेपणाची लावली असता खानसाहेब. पण दोघांच्याही सांगण्यात राजा आहे, कारागीर नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हल्लीच्या काळात तर ह्याहून विलक्षण मते ऐकू येऊ लागली आहेत. हे काम मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे, परग्रहावरच्या कोणी ते केले, दगडाची वाफ करणारे यंत्र असले पाहिजे, नाहीतर एवढा राडारोडा गेला कोठे? चांगले शिकलेले लोक हे प्रश्न विचारतात, म्हणून थोडा त्रैराशिकाचा उपयोग करू. बर्जेस ह्यांच्या मोजणीप्रमाणे अंगणाची लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट, आणि मागच्या कड्याची उंची १०७ फूट. समोर डोंगर उतरता आहे. सरासरी खोली ५० फूटच धरली तरी सुमारे २१ लाख घनफूट होते; मधल्या देवळाचा ऐवज सढळ हाताने वजा केला तरी १५ लाख घनफूट कातळ फोडून बाहेर काढला असे म्हणता येईल. काळ्या पाषाणाच्या भाराने ते वजन लाख टनांच्या वर जाते. आकडा भयंकर दिसतो खरा. पण एक मनुष्य दिवसास दोनच घनफूट फोडतो आणि पाचशे माणसे कामावर आहेत असे धरले, तर दिवसास हजार घनफूट होतात, आणि दीड हजार दिवसांत, म्हणजे सुट्या-सण धरून पाच-सहा वर्षांत, हा सगळा कातळ निघतो. कृष्णराजाने सुमारे सतरा वर्षे राज्य केले. बारीक कोरीव कामास लागणारा वेळ निराळा. पण ते तर चर खाली जात असतानाच वर चालू राहते. दगड गेला कोठे, हा प्रश्न ज्या गावात देवळे, वाडे, तळी, बांध आणि रस्ते झाले तेथे विचारणे म्हणजे मुंबईत भाताचा पेंढा गेला कोठे असे विचारण्यापैकी आहे. दगड हा टाकून देण्याचा पदार्थ नव्हे.

ह्या मतांचा आम्हांस राग येतो तो ती अशास्त्रीय आहेत म्हणून नव्हे. अशास्त्रीय तर माणिकावतीची गोष्टही आहे. राग येतो तो अशासाठी की, पंधराव्या शतकातल्या ओवीकाराला जे कळले होते ते आपण हरवून बसलो. त्याने अद्भुत घटनेला मनुष्याची युक्ती पुरेशी मानली. विमानातले देव त्याच्या कथेत नाहीत, त्यातला नवसाला पावणारा देवही राजाला बरा करून बाजूला होतो आणि देऊळ माणसांना करू देतो. ताम्रपटातल्या देवांची विमाने बाराशे वर्षांनी आकाशयाने होऊन परत आली आहेत, आणि त्यांच्या तोंडचे वाक्य तेच आहे: हे हाताने केलेले असणे शक्य नाही!

औरंगजेबाची गोष्ट आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यात वाङ्मयाचा अंश कमी आहे. त्याने हजार माणसे लावून तीन वर्षे कैलास फोडण्याचा यत्न केला आणि शेवटी हात टेकले, असे वाटाड्ये सांगतात. लेण्यांतल्या मूर्ती व हत्ती भग्न झालेले आहेत, हे डोळ्यांना दिसते. कोणी कोणत्या वेळी कोणता घाव घातला ह्याचा हिशेब दगडावर लिहिलेला नाही. पण औरंगजेबाच्या राजवटीचा इतिहास लिहिणारा साकी मुस्तैदखान वेरुळाविषयी जे लिहितो ते ह्या गोष्टीशी जुळत नाही. पावसाळ्यात डोंगर आणि मैदान बागेसारखे फुलते, धबधबा कोसळतो, प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ह्या स्थळाची कल्पना यावयाची नाही, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. आणि खुद्द बादशहाच्या एका पत्रात ही लेणी परमेश्वराच्या कारागिरीचे आश्चर्य म्हणून उल्लेखिलेली आहेत. इतर ठिकाणी त्याने देवळांचे काय केले हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर ह्या वर्णनाने बदलत नाही. आम्हांस येथे एवढेच मौजेचे वाटते की, बादशहानेसुद्धा श्रेय दिले ते देवाला. कारागीर पुन्हा राहिलाच! त्याची कबर खुलताबादेस, ह्या लेण्यांपासून हाकेच्या नव्हे तरी घटकाभराच्या वाटेवर आहे.

वेरुळास जाणाऱ्या वाचकांस एक सुचवावेसे वाटते. बहुतेक मंडळी दरवाजातून आत शिरतात, मान वर करून शिखर पाहतात आणि परत फिरतात. त्यांनी बाजूच्या डोंगरावर चढून कड्यावरून खाली पाहावे. मंडपाच्या छपरावर मोठे कमळ आणि त्याभोवती चार सिंह कोरलेले आहेत. अंगणात उभ्या राहिलेल्या माणसास ते दिसत नाहीत. कामाच्या क्रमाने हाच भाग आधीच्या दिवसांतला. शिखर पहिल्या आठवड्यात राणीला दाखविले असेल तर ते असेच, डोंगरावर उभे राहून, पायांखाली दाखविले असणार. ‘दृष्टीस पडेपर्यंत’ ह्या नवसाच्या शब्दांची खरी गंमत तेथे उभे राहिल्यावर कळते.

आणि परतीच्या वाटेवर छत्रपती संभाजीनगरास बीबीचा मकबरा पाहणे होतेच. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिच्यासाठी १६६० च्या सुमारास तो बांधला गेला. त्यास गरिबांचा ताजमहाल म्हणण्याची चाल आहे, आणि बांधणारा म्हणून बापलेकांपैकी एकाचे नाव घेऊन लोक पुढे जातात. येथे मात्र कारागीर अनामिक नाहीत. प्रवेशद्वाराच्या दारावरील लेखात अताउल्ला हा स्थपती आणि हंसपतराय हा बांधकाम पाहणारा, अशी दोन नावे दिलेली आहेत; पैकी अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ज्याचे नाव कोठेच कोरलेले नाही तो कोकास खेड्यापाड्यांतून तोंडी फिरत राहिला, आणि ज्यांची नावे पितळी पत्र्याने मढविलेल्या दारावर लिहिलेली आहेत त्यांची शहरातल्या दहा सुशिक्षितांपैकी एकासही आठवण नाही. मकबऱ्यात शिरताना तिकीट दाखवून झाले की क्षणभर त्या दाराशी थांबावे. लेख डोळ्यांच्या उंचीपासून फार दूर नाही.